बंदुकीच्या दुकानातल्या दोन रांगा : ओबामांच्या काळातली आणि २०२० ची

अमेरिकेत बंदूकविक्रीचा अंदाज एफबीआयकडे (केंद्रीय तपास यंत्रणेकडे) येणाऱ्या, खरेदीदाराची पार्श्वभूमी पाहणाऱ्या खरेदीपूर्व तपासण्यांवरून बांधतात. तपासणी म्हणजे विक्री नव्हे, पण वारं कुठे वाहतंय ते त्यावरून कळतं.

नोव्हेंबर २००८ मध्ये ओबामांच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष निवडून आला आणि दुकानांत झुंबड उडाली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुलं मारली गेली, बंदुकांवर बंदीची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्या एका महिन्यात सुमारे २८ लाख तपासण्या झाल्या. भीती एकच : सरकार बंदुका काढून घेईल. देश आपल्या हातून निसटतोय ही सल त्यात किती, हे मोजता येत नाही. मला तरी ती बरीच वाटते. गंमत म्हणजे, २०१६ मध्ये बंदूकधारकांचे पाठीराखे ट्रम्प जिंकले आणि बाजार थंडावला. रेमिंग्टनसारख्या बंदुका बनवणाऱ्या जुन्या कंपनीने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मित्र सत्तेवर, धंदा खड्ड्यात!

२०२० ची रांग वेगळी. कोविड, पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू, रस्त्यावरची आंदोलनं, निवडणूक. वर्षभरात जवळपास ४ कोटी तपासण्या. इथली भीती उलटी होती : हाक मारली तर पोलीस येतील का? आणि काहींना, आले तर काय करतील? त्या सुमारास पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास बायका होत्या, कृष्णवर्णीयही लक्षणीय.

पहिल्या रांगेत ज्यांच्या उदयाची धास्ती होती, त्यांच्यातलेच कितीतरी दुसऱ्या रांगेत उभे होते.