द किंक्सचा १९६४चा प्रिंट: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये लंडनमधल्या एका जुन्या छायाचित्रांच्या बाजारात मी 'द किंक्स' या ब्रिटिश रॉक गटाचा १९६४ सालचा कृष्णधवल प्रिंट ४५ पौंडांना घेतला. 'विंटेज' हा शब्द विक्रेते सैलपणे वापरतात. संग्राहक मात्र छायाचित्र टिपल्यानंतर लवकरच काढलेल्या प्रिंटलाच तो लावतात, आणि त्याच निगेटिव्हवरून तीस वर्षांनी काढलेली प्रत कितीही सुबक असली तरी तिला तो मान देत नाहीत. माझा प्रिंट दहा बाय आठ इंचांचा, जाड फायबर कागदावरचा आहे. प्लास्टिकचा थर असलेला कागद सत्तरच्या दशकात रुळला, त्यामुळे कागदाचा पोत पाहूनच थोडा विश्वास बसला. अतिनील दिव्याची चाचणी मी केली नाही, कारण त्या दिव्याखाली चमकणारी, कागद उजळवणारी द्रव्ये पन्नासच्या दशकापासूनच वापरात होती आणि साठच्या दशकातल्या प्रिंटबाबत तिने फारसे काही ठरत नाही.

रे आणि डेव्ह हे डेव्हिस बंधू, पीट क्वेफ आणि मिक एव्हरी यात शिकारी कोट घालून उभे आहेत. कोट मुळात लाल, येथे गडद राखाडी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते, परंतु चेहऱ्यांवर विजयापेक्षा कंटाळाच अधिक दिसतो. प्रिंट खिडकीशी तिरपा धरला तेव्हा डेव्हच्या केसांभोवती ब्रशने ओढलेली पांढरी रेघ दिसली. वृत्तपत्राच्या ठिपक्यांच्या छपाईत गडद केस मागच्या पडद्यात मिसळू नयेत म्हणून असे रंगकाम करीत. कोणाला हा डाग वाटेल. मला तीच रेघ सर्वांत आवडते. पाठीवर वृत्तसंस्थेचा शिक्का, टंकलिखित चिठ्ठी (क्वेफच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले) आणि कापणीसाठी ओढलेल्या निळ्या खुणा आहेत.

ही पाठच फ्रेम करणाऱ्याने पुठ्ठ्याला चिकटपट्टीने डकवून टाकली, आणि मी प्रिंट काचेला टेकलेला असतानाच बाहेरच्या थंड भिंतीवर टांगला. जानेवारीत काचेच्या आतून पाणी धरले. प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर ओला झाला की काचेला चिकटतो. वेळेवर लक्ष गेले, तरी उजव्या कोपऱ्यात नखाएवढा चकचकीत चट्टा कायमचा राहिला. त्यात माझी चूक अर्धी तरी आहेच.

आता प्रिंट आतल्या भिंतीवर, आम्लरहित माउंटमध्ये, काचेपासून दूर आणि केवळ कागदी कोपऱ्यांनी धरलेला आहे, त्यामुळे तो केव्हाही काढून उलटता येतो. गडद भागांवर तिरप्या उजेडात दिसणारी निळसर, धातूसारखी झाक मात्र घेतानाच होती. ती प्रिंटमधल्या चांदीची असते आणि इतक्या महिन्यांत ती वाढलेली दिसत नाही. एका मित्राने कार्यक्रमाच्या भित्तिपत्रकासाठी हे चित्र मागितले, तेव्हा नकार द्यावा लागला, कारण ४५ पौंडांत कागद माझा झाला, प्रताधिकार नव्हे.

दुसऱ्या प्रिंटच्या शोधात आहे, आणि विक्रेत्याकडे सर्वप्रथम पाठीचे छायाचित्र मागतो.