पॅन्सी घ्यावी की व्हायोला? सप्टेंबर ते मे, आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इंग्लंडमधल्या स्लाउच्या घरासमोरच्या दोन लांबट कुंड्या आणि दाराजवळची टांगती टोपली भरायला पॅन्सी आणि व्हायोला ही दोन फुलझाडं आणली. आता मे संपत आलाय, रोपं उपटायची वेळ झाली. माझं मत आधीच सांगते: इंग्लंडच्या हिवाळ्यात कुंडीत लावायचं असेल तर व्हायोलाच घ्या.

दुकानात नजर जाते ती पॅन्सीवरच. सात-आठ सेंटीमीटरचं मखमली फूल, मधोमध काळा डाग, थेट आपल्याकडे बघणारा चेहरा. शेजारची व्हायोला जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. दोन्हींच्या मुळाशी तीच रानटी तिरंगी व्हायोला आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड गँबियर आणि त्यांचा माळी विल्यम थॉम्पसन यांनी तिच्यापासून मोठमोठ्या पॅन्सी तयार करायला सुरुवात केली, तीही आमच्या शेजारच्याच आयव्हरमध्ये. हे कळल्यापासून या फुलांवर माझा जरा जास्तच जीव आहे.

खरा फरक कळला तो नोव्हेंबरात. तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी पॅन्सीच्या पाकळ्या ओल्या टिश्यू पेपरसारख्या एकमेकींना चिकटून खाली लोंबत होत्या आणि दोन फुलांवर राखाडी बुरशीही आली होती. व्हायोलाची फुलंही भिजली होती, पण पाकळी लहान, देठ ताठ. ऊन पडलं तशी ती सावरली आणि दोन दिवसांत नव्या कळ्या उमलल्या. एका रोपावर एका वेळी दहा-बारा फुलं असतात, त्यामुळे चार गेली तरी कुंडी ओकीबोकी दिसत नाही.

थंडीला मात्र दोन्ही सारख्याच चिवट. जानेवारीत एका सकाळी सगळी रोपं मातीवर आडवी पडलेली, पानं काळपट हिरवी. मेलीच, असं वाटलं. हात लावला नाही, पाणीही घातलं नाही. दुपारी बर्फ वितळला आणि एकेक मान वर आली.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लेबलवर ‘हिवाळ्यात फुलणारी’ असं असलं तरी डिसेंबर-जानेवारीत फुलं मोजकीच येतात. दिवस लहान, उजेड कमी, झाड नुसतं तग धरून असतं. म्हणूनच सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, माती अजून ऊबदार असताना लावायची. तेव्हा पसरलेल्या मुळांच्या जोरावर मार्च-एप्रिलचा बहर येतो, आणि तो बघण्यासारखा असतो.

याचा धडा मला ऑक्टोबरच्या शेवटी मिळाला. एका मोठ्या दुकानाच्या दाराशी सहा रोपांचा ट्रे स्वस्तात मिळाला. फुलांनी गच्च भरलेला, पण देठ लांबुडके आणि खालची पानं पिवळी. घरी आणून उलटं करून पाहिलं तर मुळं तपकिरी, कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली. सहापैकी चार रोपं नाताळपर्यंत गेली. आता मी आधी तळाच्या भोकांतून डोकावते. पांढरी मुळं, बसकं झाड, भरपूर कळ्या आणि रंग कळण्यापुरतं एखादं उघडलेलं फूल, एवढं असलं की घेते.

निगा फार नाही, पण वाळलेली फुलं नियमाने काढावी लागतात. नुसती पाकळी ओढून उपयोग नाही, बोट देठावरून खाली नेऊन बुडाशी खुडायचं. नाहीतर मान खाली घातलेली हिरवी बोंडं धरतात आणि झाड बियांच्या मागे लागतं. रात्री गोगलगायी पाकळ्या कुरतडतात, टॉर्च घेऊन मी त्या वेचते. मार्चपासून दोन आठवड्यांनी एकदा टोमॅटोच्या झाडांसाठी मिळणारं पातळ खत देते. एप्रिलमध्ये कोवळ्या शेंड्यांवर माव्याची कीड पडली, ती पाण्याच्या फवाऱ्याने गेली.

पुण्यात आई पॅन्सी लावते ती नोव्हेंबरात, आणि मार्चच्या उन्हात ती संपतेही. मे महिन्यातली माझी कुंडी व्हिडिओवर दाखवली तर म्हणाली, “अगं, अजून आहेत? बी ठेव हो माझ्यासाठी!” संकरित रोपांच्या बियांतून तोच रंग येईलच असं नाही, हे तिला सांगितलं. तरी चार बोंडं कागदाच्या पुडीत ठेवली आहेत. येत्या सप्टेंबरात व्हायोलाचे तीन ट्रे आणणार आहे, आणि पॅन्सीचा एकच, दाराच्या आडोशाला, जिथे पाऊस थेट लागत नाही.