डी.फार्म की बी.फार्म? इंदूरच्या पोरांसाठी
आमच्या रामबागेत बारावी सायन्स झाली की हा प्रश्न येतोच. डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, दोन वर्षांचं, वर 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. डॉक्टरांचं अक्षर लावणं, एक्स्पायरी बघणं, सारख्या नावांच्या गोळ्यांत घोळ न करणं, हे तिथेच अंगवळणी पडतं. मग राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी झाली आणि औषधविक्रीचं लायसन्स मिळालं की स्वतःचं मेडिकल काढता येतं. दवा बाजार हाकेवर, माल आणायची चिंता नाही!

बी.फार्म म्हणजे फार्मसीची डिग्री, चार वर्षांचं. ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं तर डिग्री हवीच.

घरी पैशांची ओढाताण असेल तर मी डी.फार्मच सुचवेन, पुढे बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. फक्त कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे ना, ते फी भरण्याआधी बघा.