1966 चे डॉजर्स की जायंट्स? पिचर बघून संघ निवडताना

बेसबॉलचे जुने सीझन खेळवणाऱ्या सिम्युलेशन गेममध्ये 1966 ची नॅशनल लीग (अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगपैकी एक) निवडलीत, तर लॉस एंजेलिस डॉजर्स आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स यांच्यात मन अडकणारच. प्रत्यक्षात डॉजर्स फक्त दीड सामन्याच्या फरकाने पुढे राहिले. पूर्ण 162 सामने खेळणार असाल तर माझं मत डॉजर्सना. पण त्याचं कारण बहुतेकांना वाटतं तसं एकटा त्यांचा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) सँडी कोफॅक्स नाही.

कोफॅक्सचे आकडे थक्क करणारे आहेतच: 27 विजय, 9 पराभव, 317 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि ईआरए (पिचरच्या खात्यावरच्या धावांची सरासरी) 1.73. म्हणजे नऊ इनिंगमागे स्वतःच्या खात्यावर दोन धावाही नाहीत. मात्र समोर जायंट्सचा हुआन मारिशाल आहे: 25 विजय, फक्त 6 पराभव, ईआरए 2.23. मला त्याच्या आकड्यांतला सर्वांत आवडता म्हणजे वॉकचा (चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस). 307 इनिंगमध्ये केवळ 36! कोफॅक्सने 323 इनिंगमध्ये 77 दिले. शिवाय डॉजर स्टेडियम पिचरला साथ देणारं मैदान होतं, हेही हिशेबात धरा. कोफॅक्स सरसच, पण या दोघांतलं अंतर ईआरएवरून वाटतं तेवढं मोठं नाही.

दुसऱ्या क्रमांकाच्या पिचरमध्ये तर जायंट्स चक्क पुढे आहेत. गेलॉर्ड पेरीने 21 जिंकले, 8 हरले. डॉन ड्रायस्डेलचं नाव मोठं, पण त्या वर्षी तो 13-16 वर (13 विजय, 16 पराभव) थांबला, ईआरए 3.42. कोफॅक्स आणि तो, दोघांनी मिळून मानधनासाठी अडून बसत वसंत ऋतूतला सराव जवळजवळ पूर्ण चुकवला होता. ड्रायस्डेलला ते जास्त भोवलं असावं, असं मला वाटतं. त्यामुळे पाच किंवा सात सामन्यांची छोटी मालिका खेळवणार असाल, तर मारिशाल आणि पेरी घेऊन जायंट्सकडून उतरायला मी बिचकणार नाही.

लांबच्या सीझनचं गणित वेगळं. तिथे पिचर आळीपाळीने उतरतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेंडू कोणाच्या हातात आहे, हे बघावं लागतं. डॉजर्सचा तिसरा क्लॉड ऑस्टीन, 17-14 आणि ईआरए 2.85. चौथा डॉन सटन, पहिल्याच वर्षी 12-12 आणि 2.99. या चौघांनी मिळून 162 पैकी 154 सामने सुरुवातीचा पिचर म्हणून सुरू केले. इतकी भरवशाची चौकडी क्वचितच सापडते. सटनच्या दिवशीही सामना हाताशी राहतो, आणि हाच डॉजर्सचा खरा फायदा.

जायंट्सच्या 93 विजयांपैकी 46 मारिशाल आणि पेरी या दोघांचे, म्हणजे जवळजवळ निम्मे. तिसरा बॉबी बोलिन 11-10 असला तरी ईआरए 2.89 आहे, त्याला कमी लेखू नका. घसरण त्याच्यानंतर सुरू होते. मे महिन्यात जायंट्सनी ऑर्लँडो सेपेडासारखा फलंदाज सेंट लुईस संघाला देऊन पिचर रे सडेकीला आणलं आणि तो त्यांच्याकडे 3-7 ठरला, ईआरए 5.40. पुढच्याच वर्षी सेपेडा एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला. हा सौदा वाचताना अजूनही जीव हळहळतो. तुमच्या गेममध्ये सौदे रद्द करता येत असतील, तर जायंट्स घेतल्यावर पहिलं काम तेच करा. पेरीवरही लक्ष ठेवा. ऑगस्टमध्ये तो 20-2 होता, नंतरच्या सातपैकी सहा निकाल त्याच्या विरोधात गेले.

डॉजर्स घेतलेत तर कोफॅक्सला जपण्याचा मोह होईल, पण तेव्हाची रीत तशी नव्हती. 41 सामने त्याने सुरू केले, 27 स्वतः संपवले. शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात डबलहेडरचा (एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने) पहिला सामना हरल्यावर दुसऱ्यात अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीवर तोच उतरला, आणि 6-3 ने जिंकून लीगचं विजेतेपद आणलं. कोपराच्या संधिवातासह.

खेळ 1967 मध्येही चालू ठेवणार असाल, तर मात्र माझं मत बदलतं. 18 नोव्हेंबर 1966 रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोफॅक्सने निवृत्ती जाहीर केली आणि डॉजर्स आठव्या क्रमांकावर घसरले. जायंट्सनी त्या हिवाळ्यात पिचर माइक मॅकॉर्मिकला परत आणलं. तो 22-10 राहिला आणि सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. दोन वर्षांचा डाव मांडायचा असेल, तर जायंट्स घ्या.