१० वर्षांवरच्या मुलांसाठी पोस्टातलं बचत खातं – आमचा अनुभव

मुलांना पैशांचं शिकवायचं म्हणून कोर्स, अ‍ॅप, वर्कशॉप शोधणाऱ्या सगळ्या आईबाबांना माझं मनापासून सांगणं आहे की आधी जवळच्या पोस्टात जा. मूल १० वर्षांचं झालं की त्याच्या एकट्याच्या नावावर बचत खातं उघडता येतं आणि ते स्वतः चालवू शकतं, म्हणजे स्लिपवर सही त्याची, पासबुक त्याचं. आम्ही लेकीचं उघडलं आणि मला ते फारच आवडलंय.

त्याआधी एका बँकेत विचारलं होतं तर तिथे म्हणाले आईवडिलांसोबत जॉइंटच उघडा, मुलं कुठे येतात एकटी. आता रिझर्व्ह बँकेनेही २०२५ मध्ये सांगितलंय की १० वर्षांवरच्या मुलांना बँका स्वतंत्र खातं देऊ शकतात, पण मर्यादा किती आणि सोयी कुठल्या ते प्रत्येक बँक आपलं आपण ठरवते. पोस्टात ही सोय आधीपासूनच आहे. ५०० रुपयांत खातं सुरू होतं, जन्माचा पुरावा, आधार, फोटो आणि पालकांचे केवायसीचे, म्हणजे ओळख-पत्त्याचे कागद न्यायचे. आणि हो, सही आधी घरी पक्की करून घ्या, दर वेळी वेगळी झाली तर पैसे काढताना अडतं.

मला सगळ्यात भारी वाटले ते इथले नियम, कारण ते एवढे छोटे आहेत की सहावीतल्या पोरीलाही कळतात. व्याज ४ टक्के, पण ते मोजतात महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. म्हणजे भाऊबीजेची ओवाळणी १२ तारखेला भरली तर त्या महिन्याचं व्याज त्या पैशांवर नाहीच, आणि २० तारखेला काढले तर त्या काढलेल्या पैशांवरचंही महिन्याचं गेलं. हे तिला एकदा समजलं आणि आता ती स्वतःच म्हणते की आई ९ च्या आत जाऊया. व्याज, शिल्लक, तारीख हे सगळं पुस्तकात असतंच, पण स्वतःचे पैसे असले की पोरं कान देऊन ऐकतात. ५०० च्या खाली जाईल असं काढू देत नाहीत हेही मला फार बरं वाटतं, खातं रिकामं करायचं नसतं हे आपोआप अंगवळणी पडतं.

पॉकेटमनी कार्डवाल्या अ‍ॅपचं मला पटलं नाही, तिथे मूल पहिल्यांदा खर्चच करायला शिकतं, टॅप केलं की झालं. पोस्टात काढायचे म्हणजे फॉर्म भरा, रक्कम आकड्यात लिहा, अक्षरात लिहा, सही करा, रांगेत उभं राहा. तेवढ्या वेळात पोरं परत विचार करतात की खरंच हवंय का, आणि हा विचार करायची सवयच मला लावायची होती.

व्याज मात्र थोडं आहे. १००० रुपये वर्षभर ठेवले तर ४० मिळतात आणि तेही ३१ मार्चला एकदाच जमा होतात. लेक एंट्री बघून म्हणाली, एवढेच? तर हाच प्रश्न पडायला हवा होता, तिथून पुढे आरडीवर, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायच्या रिकरिंग डिपॉझिटवर बोलता आलं. आरडीसुद्धा १० वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावावर उघडू शकतं, महिन्याला १०० पासून, मुदत ५ वर्षं. सध्या ६.७ टक्क्यांनी ६००० भरून साधारण ७१३६ मिळतात. हप्ता चुकला तर १०० मागे महिन्याला १ रुपया दंड, लागोपाठ हप्ते चुकत गेले तर खातं खंडित होतं. पूर्ण व्याज हवं तर पैसे ५ वर्षं ठेवावे लागतात, त्यामुळे मुलाला स्वतःला पटल्याशिवाय आपण ढकलू नका. आमच्या घरी अजून चर्चा चालू आहे, तिला सायकल आधी हवीय.

महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनवाल्यांची गर्दी असते, ६-७ तारखेला गेलात तर बरं. काउंटरवर आपण मागे उभं राहायचं आणि बोलू मुलालाच द्यायचं. पासबुकात एंट्री मारून घेतल्याशिवाय निघू नका. आणि १८ पूर्ण झाली की केवायसी परत करून खातं मोठ्यांचं करून घ्यावं लागतं, ते लक्षात ठेवा.