डीडीआर३ की डीडीआर३एल? जुन्या लॅपटॉपची रॅम घेताना

डीडीआर३ आणि डीडीआर३एल हे रॅमचे दोन प्रकार. लॅपटॉपच्या दोन्ही पट्ट्या २०४ पिनांच्या, खाचही एकाच जागी. फरक विजेचा: साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, 'एल'वाली १.३५ वर.

उदाहरणार्थ, २०११ चा थिंकपॅड टी४२० हा लॅपटॉप. त्यात साधी पट्टी चालतेच, आणि 'एल'वालीही सहसा १.५ व्होल्टवर निमूट चालते. उलटं मात्र जमत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या आसपासचा लॅपटॉप 'एल'च मागतो. साधी पट्टी स्लॉटमध्ये छान बसते, पण मशीन सुरूच होत नाही, आणि आपण उगाच मदरबोर्डला दोष देत बसतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुनी पट्टी घेताना स्टिकर वाचा. पीसी३ म्हणजे साधी, पीसी३एल म्हणजे कमी व्होल्टची. दुकानदार 'सगळं सेमच आहे हो' म्हणाला तरी वाचाच! त्यापुढे १२८०० हा आकडा असेल तर ती डीडीआर३-१६०० वेगाची पट्टी.

माझं मत 'एल'कडे झुकतं. उद्या २०१३ च्या आसपासचा लॅपटॉप घेतला तरी ती पट्टी त्यालाही लागू पडण्याची शक्यता जास्त. साधी घ्यायची ती फक्त निम्म्या भावात मिळत असेल आणि मशीन खरोखर जुनं असेल तरच.