तांदळासाठी कलर सॉर्टर: आरजीबी, एनआयआर की बेल्ट?

कलर सॉर्टर म्हणजे कॅमेऱ्याने खराब दाणा ओळखून हवेच्या फुंकरीने उडवणारं मशीन. डेमोत कुठल्याही सॉर्टरमधून तांदूळ पांढराशुभ्रच पडतो. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या ताशी २ टनांच्या मिलसाठी मशीन बघत असाल, तर हात रिजेक्टच्या, म्हणजे उडवलेल्या मालाच्या, पोत्यात घाला. काळ्या-पिवळ्या दाण्यासोबत चांगला तांदूळ किती गेलाय, ते तिथे कळतं.

हिशेब साधा आहे. मालात २ टक्के खराब दाणा आहे आणि त्यातला ९० टक्के काढायचाय, म्हणजे टनामागे १८ किलो. रिजेक्टमध्ये खराब-चांगल्याचं प्रमाण ३:१ असेल तर सोबत ६ किलो चांगला तांदूळ जातो, १:२ असेल तर ३६ किलो. ताशी २ टनांना फरक ६० किलोंचा, दहा तासांच्या पाळीत ६०० किलोंचा. तो फुकट जात नाही, पण रिजेक्टच्या भावात जातो. म्हणून रिजेक्ट पुन्हा फिरवणारी वेगळी री-सॉर्ट चूट (दाणे घसरत येणारी पन्हळ) मशीनमध्ये हवीच.

बेल्टचा, म्हणजे पट्ट्यावरून माल नेणाऱ्या सॉर्टरचा, विचार तांदळासाठी फार करू नये. काजूसारख्या वेड्यावाकड्या, ठिसूळ मालाला बेल्ट बरा. तांदूळ चुटीवरून सरळ घसरतो, खाली पडताना पुढून-मागून दोन्ही कॅमेऱ्यांना दिसतो, आणि जागाही कमी लागते.

खरा प्रश्न कॅमेऱ्याचा. जुना कृष्णधवल कॅमेरा फक्त उजेड मोजतो. काळा टिपका तो पकडतो, फिकट पिवळा दाणा सोडतो. रंगीत आरजीबी कॅमेरा तोही धरतो. पांढरा खडा, काच, पांढरं प्लास्टिक मात्र त्यालाही तांदळासारखंच दिसू शकतं. तिथे एनआयआर (डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा) लागतो, कारण तो रंगाऐवजी पदार्थातला फरक ओळखतो. सरकारी भरडाईच (सरकारचं धान भरडून तांदूळ देणं) करायची आणि खडे काढणारा डिस्टोनर नीट चालतोय, तर आरजीबी पुरे. स्वतःच्या ब्रँडची पिशवी किंवा निर्यात असेल तर एनआयआरचे पैसे द्यावेत. ग्राहकाच्या दाताखाली आलेला एक खडा त्याहून महाग पडतो.

पोटाला पांढरा डाग असलेला दाणा सगळ्यात जास्त फसवतो. सेटिंग कडक केलं की अर्धवट डागाचे दाणेही उडतात आणि रिजेक्टचं पोतं भराभर भरतं. सरकारी कच्च्या तांदळात असे दाणे ५ टक्क्यांपर्यंत चालतात, मग सगळे काढायचा हट्ट कशाला? कोकण-गोव्याच्या लाल उकड्याचं तर गणितच उलटं: लाल दाणा ठेवायचा, पांढरा उडवायचा. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम साठवता येतो का, ते विचारून घ्या.

रंग बघणारं मशीन कणी वेगळी करत नाही. काहींत आकाराचा प्रोग्रॅम येतो, तरी लांबीनुसार दाणे वेगळे करणारा लेंथ ग्रेडर लागतोच. बारीक कणी आधीच सिफ्टरने (चाळणीने) काढलेली बरी. फोर्टिफाइड, म्हणजे पोषकद्रव्यं घातलेले, दाणे (१०० किलोला १ किलो) सॉर्टरमधून माल निघाल्यावरच मिसळायचे. सॉर्टरच्या आधी मिसळले तर वेगळ्या रंगामुळे मशीन तेच फेकून देतं.

कोटेशनमध्ये हवेचा भाग बहुधा गुळमुळीत लिहिलेला असतो. स्क्रू कॉम्प्रेसर, टाकी, ड्रायर, फिल्टर धरून किंमत मागा. पावसाळ्यात हवेतलं पाणी व्हॉल्व्हपर्यंत गेलं की कोंड्याची पूड चिकटून फुंकर मारणारी नोझल तुंबतात. कॉम्प्रेसर कमी ताकदीचा असेल तर एकदम बरेच व्हॉल्व्ह उघडताना दाब पडतो, फुंकर उशिरा लागते आणि खराब दाणा चांगल्यात जातो. कोंडा काचेवर बसला तरी तेच, म्हणून पॉलिशरनंतरचा, कोंडा ओढून घेणारा अ‍ॅस्पिरेटरही तपासा.

चाचणीला स्वतःचाच ५ क्विंटल तांदूळ न्या. ताशी २ टनांनी तो १५ मिनिटांत संपला पाहिजे. घड्याळ लावा, कारण माल सोडणारा फीडर मंद करून दाखवणारे भेटतात. दाणे एकावर एक आले नाहीत की कुठलंही मशीन हुशार दिसतं. आत जाणारा, बाहेर आलेला आणि रिजेक्ट, तिन्हींतून थोडा थोडा माल अधूनमधून काढून ५०-५० ग्रॅमचे नमुने करा, निळ्या कागदावर चिमट्याने निवडा आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. तेच आकडे कोटेशनवर लिहून घ्या.